आसन आणि जमीन यांच्यामधले चार बोल्ट

(धागा)

सप्टेंबर १९६५. फ्रांकफुर्टच्या आंतरराष्ट्रीय मोटारप्रदर्शनात नव्या मोटारी पाहण्यासाठी गर्दी लोटली होती. त्याच प्रदर्शनात एका जर्मन कंपनीने चाके नसलेली, इंजिन नसलेली एक वस्तू मांडली : मोटारीचे सुटे आसन. बाजूंचे काठ उंचावलेले आणि वळणावर अंग धरून ठेवणारी पाठ. कंपनीचे नाव रेकारो. हे आसन एखाद्या विशिष्ट मोटारीचा भाग म्हणून बनवलेले नव्हते. ज्याच्या दारात आधीच मोटार उभी आहे, त्याने ते विकत घ्यावे आणि जुने काढून तिथे हे बसवावे, अशी कल्पना होती.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला अमेरिकेत राल्फ नेडर या तरुण वकिलाचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मोटारउत्पादक देखणेपणावर पैसा ओततात आणि आत बसलेल्या माणसाच्या जिवाची हेळसांड करतात, हा त्याचा आरोप होता. त्या पुस्तकाने उठवलेल्या वादळाची परिणती पुढच्याच वर्षी कायद्यात झाली.

या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. तरीही जुन्या मोटारीत नवे स्पोर्ट सीट बसवू पाहणारा माणूस आजही या दोन घटनांच्या मधल्या फटीत उभा असतो. आसन बाजारात सुटे मिळू लागले आणि आसनाची मजबुती हा कायद्याचा विषय झाला, या दोन्ही गोष्टी अवघ्या तीन वर्षांत घडल्या. आसन आणि मोटारीची जमीन यांना जोडणारा लोखंडी तुकडा, म्हणजे ब्रॅकेट, मात्र कोणाच्याच वाट्याला गेला नाही. हा धागा त्या तुकड्याचा आहे.

आरंभी आसन हे मोटारीचे यंत्र नव्हतेच; ते तिचे सामान होते. पहिल्या मोटारींचे सांगाडे बग्ग्या बनवणाऱ्या कारागिरांनी घडवले आणि त्यांच्याबरोबर घोड्याचे केस, स्प्रिंगा आणि चामडे यांची गादीही आली. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ची पेट्रोलची टाकी बहुतेक वर्षे पुढच्या आसनाखाली असे. पेट्रोल भरायचे तर आधी खाली उतरून गादी उचलावी लागे. गादी उचलता येते, याचा अर्थ ती कशालाही घट्ट बांधलेली नव्हती. १९४८ साली लोकांसमोर आलेल्या सित्रोएनच्या ‘टू सीव्ही’ची आसने तर नळीच्या सांगाड्यावर रबरी पट्ट्यांनी ताणलेल्या कापडाची होती. ती बाहेर काढून नदीकाठी सहलीला वापरावीत, हा त्या गाडीचा गुण समजला जाई.

रेकारोचे मूळही अशाच कारागिरीत आहे. विल्हेल्म रॉइटर या खोगीरकाम जाणणाऱ्या माणसाने १९०६ साली श्टुटगार्टमध्ये गाड्यांची शरीरे घडवण्याचा कारखाना काढला. पुढे हा कारखाना पोर्शच्या इतका जवळ गेला, की १९५० पासून श्टुटगार्टमध्ये बनू लागलेल्या ‘पोर्श ३५६’ची पोलादी शरीरे रॉइटरकडूनच येत. १९६३ साली पोर्शने तो शरीरबांधणीचा कारखानाच विकत घेतला. रॉइटर कुटुंबाकडे उरली ती आसने. ‘रॉइटर’ आणि ‘करोसेरी’ या दोन शब्दांची आद्याक्षरे जुळवून त्यांनी उरलेल्या उद्योगाचे नाव ठेवले रेकारो.

इथे क्षणभर थांबण्यासारखे आहे. ज्या घराण्याने साठ वर्षे अख्खी मोटार घडवली, त्याच्या हातून मोटार गेली आणि फक्त खुर्ची राहिली. मोटार हाती असताना आसन कुठे बसते, कशावर बसते, त्याखालचा पत्रा किती जाड आहे, हे सारे एकाच छपराखाली ठरत असे. आता आसन बनवणारा एक आणि जमीन बनवणारा दुसरा. सुटे आसन विकण्याची कल्पना व्यापार म्हणून हुशारीची होती. पण तिच्यामागे ही ताटातूटही होती.

ग्राहक मात्र तयारच होता. साठच्या दशकातील सामान्य मोटारींची आसने सपाट आणि बुटक्या पाठीची असत. वळणावर चालक सुकाणू फिरवत नसे, त्याला लोंबकळत असे, असे म्हटले तरी चालेल. याचा सर्वांत बोलका दाखला ब्रिटिश ‘मिनी’चा. ऑगस्ट १९५९ मध्ये आलेली ही चिमुकली गाडी घडवणारे ॲलेक इसिगोनिस मोठे प्रतिभावान आणि तितकेच हट्टी अभियंते होते. चालकाला फार आराम मिळू नये, थोड्या गैरसोयीत तो जागा राहतो, असे त्यांचे मत प्रसिद्ध आहे. मिनीत चालक ताठ बसे, सुकाणू आडवे आणि पायांत अंतर कमी. उंच माणसाचे गुडघे कुठे जात असतील, याची कल्पना वाचकांनी करावी.

या गाडीची पुढची आसने जमिनीवरच्या आडव्या पट्टीवर, पुढच्या बाजूस बिजागरीने धरलेली होती. मागे बसणाऱ्याला वाट द्यायची तर अख्खे आसन पुढे कलंडवायचे. मग मालकांनी साधा उपाय काढला. बिजागरी आणि पट्टी यांच्यामध्ये लोखंडी तुकडे घालून आसन काही इंच मागे न्यायचे. हे तुकडे सुटे विकले जाऊ लागले. सुकाणूचा दांडा खाली आणणारे ब्रॅकेटही आले. याच मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लो रॅली जिंकली. रॅलीच्या मिनीमध्ये अंगाभोवती घट्ट बसणारी बकेट सीट दिसू लागताच सामान्य मालकांनाही ती हवीशी झाली. जे आसन विजेत्याकडे आहे ते आपल्याकडे का नको, हा प्रश्न तरुण माणसाला कोणत्याही काळात पडतोच.

येथवरची गोष्ट हौसेची आहे. दुसऱ्या बाजूची गोष्ट हाडामांसाची आहे.

१९१७ साली रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये प्रशिक्षण घेणाऱ्या ह्यू डीहेवन या तरुणाचे विमान दुसऱ्या विमानाला धडकून कोसळले. तो वाचला, पण पोटातील इंद्रियांना गंभीर इजा झाली. आपण वाचलो ते नशिबाने, असे मानायला तो तयार नव्हता. सांगाडा आपल्याभोवती टिकला म्हणून आपण जगलो आणि इजा झाली ती पट्ट्याच्या बकलामुळे, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे १९४२ पासून कॉर्नेल विद्यापीठात त्याने अपघातातील दुखापतींचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. उंचावरून पडूनही जगलेल्या माणसांची प्रकरणे तपासून त्याने दाखवले, की मानवी शरीर समजतो त्यापेक्षा पुष्कळ चिवट असते.

१९५२ साली डीहेवनने मोटारीची तुलना मालाच्या खोक्याशी केली. काचसामान पाठवणारा माणूस काय करतो? खोके फुटणार नाही असे करतो आणि आतला माल आत हलणार नाही असे बांधतो. मोटारीत माणूस हा माल आहे. मग तो ज्या आसनाला टेकला आहे तेच आसन जमिनीपासून सुटले, तर खोके कितीही भक्कम असले तरी काय उपयोग? विचार इतका साधा, की तो इतक्या उशिरा सुचावा याचेच आश्चर्य वाटते.

डीहेवनने अपघात तपासले. जॉन पॉल स्टॅप यांनी अपघात स्वतःवर करून पाहिले. अमेरिकी हवाई दलातील हे डॉक्टर रॉकेटच्या घसरगाडीवर स्वतःला आवळून बांधून घेत. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील हॉलोमन तळावर ते ताशी ६३२ मैल वेगाने गेले आणि जवळजवळ सव्वा सेकंदात थांबले. त्या क्षणी शरीरावर ४६ जीहून अधिक भार होता, म्हणजे शरीराच्या वजनाच्या ४६ पटींहून जास्त. डोळ्यांत रक्त उतरले, पण ते जगले. त्यांच्या प्रयोगांनंतर लढाऊ विमानांच्या आसनांची मजबुती ३२ जी धरली जाऊ लागली. माणूस आसनापेक्षा मजबूत असताना आसनाने आधी तुटणे शोभत नाही, हा त्यामागचा तर्क.

स्टॅप यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. हवाई दलाची माणसे विमानांइतकीच रस्त्यावरच्या मोटारींतही दगावत होती. १९५५ पासून त्यांनी हॉलोमनला मोटारअपघातांवर परिषदा भरवल्या. नेडरच्या पुस्तकाला जी जमीन मिळाली, ती बरीचशी या लोकांनी नांगरलेली होती.

९ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहनसुरक्षेच्या कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १९६८ पासून पहिली संघीय मानके लागू झाली. त्यांतील २०७ क्रमांकाचे मानक आसनांचे आहे. आसन, त्याचे सांधे आणि जमिनीशी असलेली जोडणी यांनी आसनाच्या स्वतःच्या वजनाच्या २० पट बल पुढच्या आणि मागच्या दिशेने सोसले पाहिजे. कलंडणाऱ्या आसनाला आपोआप बसणारी कडी हवी, हेही त्यातच आले. मिनीची अमेरिकेतील विक्री १९६७ नंतर थांबली; सुरक्षेचे आणि धुराचे नवे नियम तिला परवडणारे नव्हते.

२० पट हा आकडा ऐकायला भीतिदायक वाटतो, पण हिशेब करून पाहा. आसन १५ किलोचे असेल तर बल होते सुमारे ३०० किलो वजनाइतके. मग त्यात बसलेल्या ७० किलोच्या माणसाचे काय? ताशी ५० किलोमीटर वेगाने मोटार भिंतीवर आदळली आणि पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपून ती थांबली, तर सरासरी मंदन १६ जीच्या वर जाते. म्हणजे त्या माणसाचा भार ११०० किलोहून अधिक. तो कोणी पेलायचा?

कायद्याचे उत्तर होते : सुरक्षापट्ट्याने. पट्टा मोटारीच्या शरीराला जोडलेला असेल तर माणसाचा भार पट्टा सांभाळतो आणि आसनाच्या बोल्टांवर प्रामुख्याने आसनाचाच भार राहतो. पण पट्ट्याचे टोक किंवा बकल आसनालाच जोडलेले असेल, तर आसनाचे बल आणि पट्ट्याचे बल एकाच वेळी लावून चाचणी घ्यावी, असे तेच मानक सांगते. ब्रॅकेटच्या साऱ्या कहाणीची किल्ली या एका भेदात आहे. जुन्या मोटारीत बकल बहुधा जमिनीवर किंवा मधल्या बोगद्यासारख्या उंचवट्यावर असते. नव्या मोटारीतून काढलेल्या आसनाला ते पुष्कळदा आसनाच्याच कडेला जडलेले येते. असे आसन जुन्या मोटारीत बसवून त्याचेच बकल वापरणारा माणूस ३०० किलोचे काम करणाऱ्या तुकड्यांवर नकळत हजार-बाराशे किलोंचा बोजा टाकत असतो.

आता तो तुकडा प्रत्यक्ष पाहू. तो लागतोच का, हा पहिला प्रश्न. कारण असे, की आसनाच्या तळाच्या छिद्रांचे अंतर प्रत्येक आसन बनवणाऱ्याचे वेगळे आणि जमिनीवरच्या छिद्रांचे अंतर प्रत्येक मोटारीचे वेगळे. जमिनीची डावी-उजवी उंचीही सारखी नसते. एका बाजूला दाराचा उंबरठा आणि दुसऱ्या बाजूला मधला उंचवटा. जुने आसन त्या उंचसखलपणासह जन्मलेले असते, नवे नसते. म्हणून खाली मोटारीची भाषा आणि वर आसनाची भाषा बोलणारा दुभाषी लागतो. तोच ब्रॅकेट.

प्रचलित मोटारींसाठी असे दुभाषी तयार मिळतात. आसनांच्या कंपन्यांनी मोटारीच्या नावानिशी कन्सोल विकायला काढले. जपानमध्ये तर सीटची रेल हा स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला. पण गाडी तीस-चाळीस वर्षांची झाली, तिची संख्या घटली, की तिच्यासाठी कोणी साचा करत नाही. मग माणूस वेल्डिंगच्या दुकानात जातो. पुठ्ठ्यावर छिद्रांचा नमुना उतरवतो, पोलादी पट्टी आणि अँगल कापून घेतो, सरकपट्टी वर चढवतो, गाडीत बसून डोके छताला लागते का ते पाहतो, आणि पुन्हा सारे उचकटतो.

डोके छताला लागतेच. आसन, सरकपट्टी आणि ब्रॅकेट या तिन्हींची उंची मिळून माणूस जुन्या जागेपेक्षा दोन-चार सेंटिमीटर वर जातो. जुन्या मोटारीची छते आधीच बुटकी. त्यावर घाईचा उपाय म्हणजे सरकपट्टी काढून आसन थेट जमिनीला जखडणे, आणि मग त्या गाडीत एकाच उंचीचा माणूस बसू शकतो. बाजूच्या ब्रॅकेटवर टांगलेले आसन खाली आणता येते. पण ते ब्रॅकेट आसनाला बाहेरून धरतात आणि जुन्या मोटारीची जमीन अरुंद असते. एक मिळवताना दुसरे जाते, असा हा व्यवहार आहे.

उंचीचा दुसरा परिणाम अधिक घातक असतो. समजा, धडकेत आसनाला हजार किलोइतके बल पुढे ओढते आहे आणि ते जमिनीपासून २५ सेंटिमीटर उंचीवर लागते आहे. पुढच्या-मागच्या पायांत ३५ सेंटिमीटर अंतर आहे. मागच्या पायांना वर उपटणारे बल होते सुमारे ७१४ किलो. आता ब्रॅकेटने हीच उंची ५ सेंटिमीटरने वाढवली, तर ते होते ८५७. बोल्ट तोच, पत्रा तोच. भार मात्र एक-पंचमांशाने वाढला. पहारीने खिळा उपटणाऱ्या कोणालाही हे गणित हाताने ठाऊक असते.

पण उपटला जातो तो बोल्ट नव्हे, पत्रा. जमिनीचा पत्रा जाडीने एक मिलिमीटरच्या आसपास. मूळ छिद्रांखाली कारखान्याने जाड तुकडा आणि नट जोडलेला असतो. नवे छिद्र पाडले तिथे काहीच नसते. शर्यतीच्या जगाने याचा नियमच करून टाकला. आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा संघटना एफआयए हिच्या तांत्रिक नियमांत आसनाला किमान चार ठिकाणी, किमान ८ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टांनी धरावे असे म्हटले आहे. पत्र्याखाली आधाराची पट्टी हवी. प्रत्येक ठिकाणी टेकणारे क्षेत्र किमान ४० चौरस सेंटिमीटर, जाडी पोलादाची असल्यास ३ मिलिमीटर आणि हलक्या मिश्रधातूची असल्यास ५.

बाजारात मिळणारा २४ मिलिमीटरचा रुंद वॉशर घ्या. त्याचे क्षेत्र जेमतेम चार चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे शर्यतीचा नियम मागतो त्याच्या दहावा हिस्सा. घरगुती जोडणीत वॉशरवर भागवले जाते आणि वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, कारण फरक गाडीच्या पोटाखाली असतो. शिवाय जुन्या गाडीचे पोट म्हणजे गंजाचे माहेरघर. गालिचाखाली वर्षानुवर्षे मुरलेले पाणी कडेच्या सांध्यांत साचते आणि आसनाचे बाहेरचे पाय नेमके तिथेच असतात. ब्रॅकेट नवे, बोल्ट नवा, आणि खाली पापड झालेला पत्रा, अशी ही गत.

अखंड बाकाच्या मोटारींत आणखी एक पेच आहे. मराठी वाचकांना हा बाक नव्याने सांगायला नको. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या फियाट आणि पुढच्या प्रीमियर पद्मिनीत पुढे सलग बाक आणि सुकाणूच्या दांड्यावर गिअर, अशी रचना अनेकांनी पाहिली आहे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत तर पार ऑक्टोबर २०२३ पर्यंत तिची सावली होती. सलग बाक एकसंध सांगाड्यावर उभा असतो. तो काढून दोन वेगळी आसने ठेवली, की चाराऐवजी आठ पाय होतात आणि आतल्या चार पायांखाली कारखान्याने काही योजलेलेच नसते. तिथे आडवी पोलादी पट्टी टाकून भार दोन्ही कडांना न्यावा लागतो. काम अवघड नाही. पण ते करायला हवे हे सुचावे लागते.

हे वाचून कोणाला वाटेल, की जुने आसन बदलूच नये. तसा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. अमेरिकेने डोक्याला आधार सक्तीचा केला तो १ जानेवारी १९६९ पासून. त्याआधीच्या कित्येक मोटारींची पाठ खांद्याच्या खालीच संपते. मागून धक्का बसला तर मान मागे फेकली जाते. अशा गाडीत उंच पाठीचे चांगले आसन नीट बसवणे म्हणजे तिला पन्नास वर्षे राहून गेलेली गोष्ट देणे आहे. स्प्रिंगा मोडलेल्या, सांगाडा वाकलेल्या मूळ आसनाला ‘अस्सल’ म्हणून कवटाळणाऱ्या संग्राहकांपेक्षा नीट ब्रॅकेट करून घेणारा माणूस अनेकदा शहाणा असतो.

मग जबाबदारी कोणाची? देशोदेशी उत्तरे निराळी निघाली. जर्मनीत वाहनाच्या बदलाला प्रमाणपत्र नसेल तर वाहनाचा परवानाच रद्द ठरू शकतो. म्हणून तिथे आसनाबरोबर त्या-त्या मोटारीच्या कन्सोलचाही तपासणी-दाखला विकला जातो, आणि घरी बनवलेले ब्रॅकेट तज्ज्ञासमोर गाडी नेऊन एकेकटे मंजूर करून घ्यावे लागते. जपानमध्येही बदललेले आसन आणि त्याची रेल यांच्या मजबुतीचा पुरावा वाहनतपासणीत विचारला जातो. अमेरिकेची मानके मात्र मुख्यतः नव्या वाहनाच्या विक्रीला बांधलेली आहेत. गाडी गिऱ्हाइकाकडे गेली आणि त्याने आपल्या गॅरेजमध्ये स्वतःच पाना हातात घेतला, की १९६८ चे ते २० पट त्याला विचारायला येत नाही. भारतात वाहनातील बदलांवर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चे बंधन आहे. पण आसनाखालची पट्टी कोणी वाकून पाहतो, असे दृश्य विरळाच.

या हौसेला काळाने घातलेली मर्यादा वेगळ्याच दिशेने आली. १९९४ साली व्होल्वोने बाजूच्या धडकेसाठीची एअरबॅग आसनाच्या पाठीत बसवली. त्यानंतर आसनात तारा आल्या, कोणी बसले आहे का हे ओळखणारे संवेदक आले, पट्टा क्षणार्धात ताणणारी यंत्रणा आली. खुर्ची पुन्हा मोटारीचा अविभाज्य अवयव झाली. आजची मोटार घेऊन तिचे आसन काढले तर डॅशबोर्डवर लाल दिवा पेटतो. म्हणूनच ब्रॅकेट करणाऱ्यांची सारी वस्ती जुन्या मोटारींत आहे. १९६८ नंतरची, पण नव्वदीच्या मध्याआधीची गाडी असेल तर तिची जमीन निदान चाचणी दिलेली असण्याचा संभव आणि आसन अजून मुके. या कामासाठी तोच काळ सर्वांत सोयीचा.

रेकारोची पुढची कथा थोडक्यात. १९६९ साली रॉइटर कुटुंबाने कंपनी विकली. पुढे ती कायपर या मोठ्या पुरवठादाराशी जोडली गेली, आणि २०२४ च्या जुलैमध्ये मोटारींची आसने बनवणाऱ्या जर्मन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पण त्या नावाची दुसरी शाखा, विमानांच्या आसनांची, स्वतंत्रपणे वाढत राहिली होती. या शाखेची सुरुवात १९७१ ची. म्हणजे रेकारोने सुटे मोटारआसन मांडल्यानंतर सहा वर्षांनी तेच नाव विमानात शिरले.

विमानातला प्रश्न वरवर तोच होता : आसन एकाचे, जमीन दुसऱ्याची. बोइंग किंवा एअरबस बहुतेक आसने स्वतः बनवत नाही आणि विमानकंपनी तर एकाच विमानातील रांगांमधले अंतर वारंवार बदलते. तरीही तिथे कोणी वेल्डिंगच्या दुकानात जात नाही. विमानउद्योगाने जमिनीत बसवायच्या रुळाचा आकारच सामायिक करून टाकला : लांबच लांब खाच आणि तिच्यात एक-एक इंचावर गोल भोके. आसनाचा पाय भोकातून आत जातो, अर्धा इंच सरकतो आणि अडकतो.

१९८८ साली अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांच्या नव्या रचनांसाठी आसनांची १६ जीची गतिमान चाचणी घातली. तिच्यात एक बारीक अट आहे. पुढे फेकण्याची चाचणी घेण्यापूर्वी आसनाखालचे रूळ मुद्दाम वाकडे करायचे. एक रूळ पुढेमागे १० अंशांनी झुकवायचा आणि दुसरा तितकाच आडवा पिळायचा. अपघातात जमीन सपाट राहत नाही, हे त्या नियमाने गृहीत धरले आहे.

मुंबईहून फ्रांकफुर्टला जाणाऱ्या विमानात पायाजवळचे प्लास्टिकचे झाकण थोडे उचकटलेले असले, तर ती भोके डोळ्यांना दिसतात. प्रत्येक भोक पुढच्यापासून २५.४ मिलिमीटरवर.